‘एक वाचक’ यांना उत्तर

नमस्कार. आपण नाव दिलेलं नाही, त्यामुळे ‘एक वाचक’ यांनाच उत्तर देतो.

‘नटसम्राट’ सिनेमात (२०१६) नाना पाटेकरांचा नुसता चेहरा पुरला असता तिथेही पार्श्वसंगीत लुडबुडतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आपलं म्हणणं असं: क्लोजअप हेच सिनेमातलं स्वगत, त्याला संगीताचा टेकू लागणारच, जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा ‘रान’ पाहा, ‘कट्यार’बद्दलची माझी माहिती चुकीची आहे. आणि शेवटी, ‘बाल्कनीत बसून नाटकं पाहिलेल्यांना सिनेमा कळणं कठीण.’

आधी चूक कबूल करतो. २०१५च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये मूळ नाटकातल्या अभिषेकीबुवांच्या दोनच चाली उरल्या, असं मी लिहिलं. ‘घेई छंद मकरंद’, ‘सुरत पिया की’, ‘तेजोनिधी लोहगोल’ ही मोजली तरी तीन होतात. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता बाल्कनी. हो, बसलोय बाल्कनीत. परवडत होतं तिथे बसलो, त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण त्यानंतर सात वर्षं हौशी नाटकांना पार्श्वसंगीत दिलंय मी. विंगेत स्टुलावर, मांडीवर संहिता, समोर कॅसेट डेक. एका प्रयोगात म्हातारा बाप मुलाचं पत्र वाचून संपवतो आणि घडी घालतो. घडी पूर्ण झाली की सारंगी, असा क्यू होता. मी दोन सेकंद आधी बटण दाबलं. पत्र अजून अर्धं उघडंच होतं. त्या दोन सेकंदांत प्रेक्षागृह जे स्वतःहून समजून घेणार होतं, ते सारंगीने सांगून टाकलं. मागून कोणीतरी खोकलं आणि प्रसंग गेला. मध्यंतरात ते नट मेकअप रूममध्ये आले, ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, ‘माझा पॉज खाल्लास.’ ते वाक्य अजून कानात आहे. तेव्हा पार्श्वसंगीत कुठे येऊन काय बिघडवतं हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, स्वतःच्या बोटाने बिघडवलंय.

नाटकात शब्दांना सगळं वाहावं लागतं, कारण शेवटच्या रांगेला डोळे दिसत नाहीत. कॅमेरा डोळे दाखवतो, म्हणजे शब्दांचं निम्मं ओझं उतरलं. मग ते उतरू द्या ना! आपल्याकडे ‘नटसम्राट’मध्ये मूळ नाटककार शिरवाडकरांचं वाक्यही तेच सांगतं, चेहराही तेच, आणि वर व्हायोलिनही तेच. एका दुःखाला तीन हमाल.

‘रान’ (१९८५) मला पाहायला सांगताय म्हणून सांगतो, तीनदा पाहिलाय. ‘किंग लिअर’चाच तो जपानी अवतार. किल्ल्यावरच्या हल्ल्यात बाण सुटतात, माणसं पडतात, आगी लागतात आणि लढाईचा एकही आवाज नाही. फक्त ताकेमित्सूंचं संगीत. मग एक गोळी सुटते, थोरला मुलगा पडतो आणि सगळा कोलाहल एकदम अंगावर येतो. ‘तिथेही संगीत आहेच की’ असं आपण लिहिणार, हे मला आत्ताच दिसतंय. आहेच. पण त्याला जागा देण्यासाठी बाकी सगळं काढून घेतलंय. आपण उदाहरण दिलंत माझ्याविरुद्ध आणि ते उभं राहिलं माझ्या बाजूने. पाहिलाय ना नक्की?

‘कट्यार’मध्ये खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकरांचा आणि गळा राहुल देशपांडे यांचा. रंगभूमीवर वसंतराव देशपांडे स्वतः उभे राहून गात, समोर ऑर्गन आणि तबला, त्यामुळे सूर कुठून येतोय ते दिसायचं. यावर आपण दोन ओळी लिहिल्यात, त्या मला नीटशा कळल्या नाहीत.

क्लोजअप म्हणजे स्वगत, हा आपला मुद्दा राहिला. त्यात तथ्य असेलही, पण ते मांडण्याआधी समोरच्याची बसायची जागा काढायची गरज नव्हती. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. आपण पुन्हा लिहाल तेव्हा नावानिशी लिहा, म्हणजे अहो-जाहो कोणाला करतोय ते तरी कळेल.