नाव शिवरायांचं दिलं, पण फूल बघितलं का कुणी?

परवा परत ती बातमी आमच्या फॅमिली ग्रुपवर आली. विशाळगडावर नवीन वनस्पती सापडली, महाराजांचं नाव दिलं, अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा वगैरे. बातमी २०२५ च्या सुरुवातीची, म्हणजे चांगली शिळी, पण फॉरवर्डला शिळं काय आणि ताजं काय. खाली जय शिवरायची रांग, भगवे झेंडे, मामांनी नेहमीप्रमाणे हात जोडले आणि एका चुलतभावाने विचारलं, विकत कुठे मिळेल? मी आधी हसलो, मग डोकं फिरलं, म्हणून हे लिहायला बसलोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

मी कोणी शास्त्रज्ञ नाही. बीएस्सी बॉटनी केलं, पुढे पोटापाण्यासाठी मेडिकल टाकलं, आता दिवसभर ॲसिडिटीच्या गोळ्या विकतो. पण शाहूवाडी तालुक्यातला आहे, त्यामुळे आंबा, गजापूर, विशाळगड हा सगळा भाग पायाखालचा, आणि पावसाळ्यात रविवारी दुकान बंद करून पठारावर जायची खोड अजून गेलेली नाही. बायको म्हणते गवतात डोकं घालायला चाललाय, ते अक्षरशः खरंय.

तर ती वनस्पती म्हणजे सेरोपेजिया शिवरायीना. कोल्हापूरच्या न्यू कॉलेजचे अक्षय जंगम, रतन मोरे, निलेश पवार आणि नाशिककडचे शरद कांबळे यांनी ती जगासमोर आणली. ग्रुपवर कोणी ही नावं वाचली असतील असं वाटत नाही, कारण फॉरवर्डमध्ये ती गाळलेलीच होती. फुलाचं वर्णन तर नव्हतंच, आणि सोबत जो फोटो होता तो चक्क गोकर्णीचा! निळी गोकर्णी हो, कुंपणावरची.

सेरोपेजिया म्हणजे आपल्याकडचं कंदीलपुष्प. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली हे नाव ठेवलं, ग्रीक भाषेतून, अर्थ मेणाचं कारंजं. मला आपलं कंदील जास्त पटतं. खाली फुगीर गोळा, त्यावर बारीक नळी आणि वर पाच पाकळ्या टोकाला एकमेकींना चिकटलेल्या, मधे फटी, हुबेहूब कंदिलाची काच आणि वरची जाळी. रुईच्या खानदानातली झाडं ही, म्हणून शेंगा जोडीने येतात शिंगासारख्या आणि फुटल्या की आतून म्हाताऱ्या उडतात. भारतात पन्नासहून जास्त जाती आहेत, त्यातल्या बऱ्याचशा आपल्या सह्याद्रीतल्या, आणि काही तर अशा की एखाद्या डोंगराच्या ठराविक उतारावरच, बाकी जगात कुठेच नाहीत.

आता ह्या फुलाची खरी गंमत. दोनतीन वर्षांपूर्वी घरामागच्या डोंगरावर साधंच, लव असलेलं कंदीलपुष्प फुललं होतं, दुर्मिळ वगैरे काही नाही, त्यातलं एक फूल वाऱ्याने तुटून पडलेलं. ते रुमालात घालून दुकानात आणलं आणि गिऱ्हाईक नसताना सर्जिकल ब्लेडने उभं चिरलं. नळीच्या आत बारीक पांढरे केस, सगळ्यांची टोकं खाली. म्हणजे आत घसरायला वाट मोकळी पण वर चढायचं म्हटलं तर भाले. आणि तळाच्या गोळ्यात दोन चिलटं, तिळापेक्षा लहान, एक मेलेलं आणि एक चक्क फिरत होतं! भिंग लावून बघितलं तर त्याच्या तोंडाजवळ पिवळट ठिपक्यांची जोडी चिकटलेली. ते परागाचे गठ्ठे. म्हणजे फुलाने वासाने चिलटाला फसवून आत ओढलं, कोंडून ठेवलं, त्याच्या तोंडाला पार्सल बांधलं, आणि पुढे ते केस सुकले, नळी मऊ पडली की सोडून द्यायचं. ते शहाणं बाहेर पडतं आणि जाऊन दुसऱ्या कंदिलात फसतं, तेव्हा कुठे फुलाचं काम होतं. दक्षिण आफ्रिकेतली एक जात तर संकटात सापडलेल्या मधमाशीचा वास सोडते, का तर मेल्या माशीचा रस प्यायला येणारी चिलटं धावत यावीत म्हणून. हे २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. एवढा बनेलपणा आमच्या तालुक्याच्या राजकारणात पण नाही. तेवढ्यात एक आजोबा बीपीच्या गोळ्या मागायला आले आणि माझ्या हातात ब्लेड बघून दोन पावलं मागे सरकले, ते वेगळंच.

आता नवीन सापडलं म्हणजे काय. लोकांना वाटतं कोणीतरी जंगलात गेला, झाडाला ठेचकाळला आणि ओरडला, सापडलं! अहो झाड तिथेच होतं. गडावर पहारा करणाऱ्यांच्या, गुराख्यांच्या, शेळ्यांच्या समोर दर श्रावणात फुलत होतं. शोध लागतो तो फरकाचा. ही नवीन जात हरिश्चंद्रगडावरच्या सेरोपेजिया लॉई नावाच्या कंदीलपुष्पाच्या जवळची आहे. आता जवळची पण तीच नाही, हे ठरवायचं कशावरून? तर फुलाच्या देठावर लव आहे का, पाकळ्यांची जाळी कशी जुळते, आणि मुख्य म्हणजे फुलाच्या आत तळाशी जो बारीक किरीट असतो त्याच्या पाकळ्या कशा आहेत त्यावरून. मिलिमीटरचा हिशोब असतो सगळा. आणि दोन फुलं वेगळी दिसली म्हणून जात वेगळी होत नाही, सावलीतलं झाड आणि उन्हातलं झाडसुद्धा वेगळं दिसतं, म्हणून अनेक रोपं बघायची, परत पुढच्या हंगामात जायचं, जुन्या वर्णनांशी ताडून बघायचं.

आणि हे ताडायचं कुठे? वाळलेल्या कागदांवर. कॉलेजला असताना आम्हाला हर्बेरियम शीट करायला लावायचे तेव्हा शिव्या द्यायचो. झाड पेपरच्या घडीत दाबायचं, पावसाळ्यात रोज पेपर बदलायचा नाहीतर बुरशी, मग जाड कागदावर शिवायचं, कोपऱ्यात चिठ्ठी, कुठे मिळालं, कधी, कोणी आणलं. कंदीलपुष्प तर दाबलं की चपटं होऊन सगळा आकार जातो, म्हणून फुलं वेगळी स्पिरिटच्या बाटलीत ठेवतात. असले कागद पुण्यात बोटॅनिकल सर्व्हेकडे आहेत, आघारकर संशोधन संस्थेत आहेत, मुंबईत झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये आहेत, आमच्या शिवाजी विद्यापीठात आहेत. नवीन जात छापायची तर एक नमुना असा कपाटात कायमचा ठेवावाच लागतो, हे झाड म्हणजे ही जात असा तो पुरावा, सातबाराच समजा. २०११ संपेपर्यंत तर वर्णन लॅटिनमध्येच लिहायला लागायचं, १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजी चालायला लागलं.

मला राग ह्याचा येतो की हे काम करणारा माणूस कोणाच्या खिजगणतीत नाही. आमच्या बॅचला कोणी म्हणालं की मला वनस्पती ओळखण्यात करिअर करायचंय तर सर स्वतःच म्हणायचे, बाळा, बायोटेक कर. ओळखणारा म्हणजे जुनाट, लॅबवाला म्हणजे हुशार! मग गडावर कोण जाणार आणि किरीट कोण मोजणार? आपल्याकडे वनस्पतिशास्त्राच्या प्रा. एस. आर. यादव सरांसारख्या माणसाने कोल्हापुरात बसून पोरं तयार केली म्हणून आज ह्या जाती सापडतायत, तेवढं सोडलं तर कपाटं आहेत आणि उघडणारे कमी.

आता नावाबद्दल. महाराजांचं नाव दिलं ते मला आवडलं, उगाच नाक मुरडणाऱ्यातला मी नाही. विशाळगड म्हणजे पावनखिंडीच्या पलीकडचं टोक, बाजीप्रभू ज्यासाठी थांबले तो गड, तिथल्या झाडाला दुसरं कोणतं नाव देणार? आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात झाडांबद्दल जे सांगितलंय, की आंबा फणस तोडू नये, रयतेने ही झाडं लेकरासारखी वाढवलेली असतात, ते वाचलं की वाटतं नाव योग्य जागी पडलंय. शिवाय नावाने काम होतं. २००६ मध्ये नाशिकच्या अंजनेरीवरून एका कंदीलपुष्पाचं वर्णन झालं, सेरोपेजिया अंजनेरिका. पुढे त्या डोंगरावर गाडीरस्ता न्यायची टूम निघाली तेव्हा विरोध करणाऱ्यांच्या हातात हे नाव होतं. बिननावाच्या झाडासाठी हरकत कशी घेणार, अर्जात लिहिणार काय, एक बारीकसं रोपटं?

पण नाव पडलं की पत्ता पण फुटतो, आणि इथे माझं स्वतःचं पाप सांगतो. सहासात वर्षांपूर्वी एका पठारावर, कुठलं ते लिहीत नाही, मला एक वेगळंच कंदीलपुष्प दिसलं होतं. हुरूप आला, फोटो टाकला, वर लोकेशन पण टाकलं, कारण लाईक पाहिजेत ना. चारशेच्या वर पडले, मी खूश. पुढच्या रविवारी मित्राला दाखवायला घेऊन गेलो तर त्या जागी वितीएवढा खड्डा. कडा सरळ कापलेल्या, खुरप्याने काढलेला, रानडुकराचा नव्हे. कंदासकट नेलेलं. मित्र म्हणाला दुसरं असेल बघ आसपास, तासभर गवत चाळलं, नव्हतं. पुढच्या दोन पावसाळ्यात पण नाही उगवलं.

ह्या झाडाचं सगळं त्या कंदात असतं. जूनमध्ये कोंब येतो, श्रावण भाद्रपदात फुलं, दिवाळीपर्यंत वर काही शिल्लक नाही. वणवा लागला, गुरांनी खाल्लं, तरी कंद जमिनीखाली शाबूत. पण कोणी कंदच काढला की खेळ खलास. आणि घरी कुंडीत लावून ते जगेल, त्याला फुलं येतील आणि ती नेमकी चिलटं तुमच्या चौथ्या मजल्यावर येतील, हे विसरा. म्हणून विकत कुठे मिळेल विचारणाऱ्या भावाला मी लिहिलं, मिळाली तर चोरीची असेल. तो ग्रुप सोडून गेला. असो. आणि मी स्वतः पण ही वनस्पती बघायला मुद्दाम जाणार नाही, घरापासून तासाभरावर असूनसुद्धा. वाटेत दिसली तर दिसली.

आता खरं सांगायचं तर लहानपणी हा गुन्हा आम्ही सर्रास केलाय. आत्तीच्या गावाला सुट्टीत गेलो की गुरांमागे डोंगरावर, आणि तिथे पोरं काठीने उकरून हमण काढायची. सुपारीएवढा कंद, चड्डीला माती पुसायची आणि कच्चाच चावायचा, पाणीदार, कच्च्या बटाट्यासारखा पण जरा गोडसर. हमण म्हणजे कंदीलपुष्पच, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं आणि घामच फुटला. कोण जाणे किती जाती नाव पडायच्या आधीच खाऊन बसलो असेन.

गेल्या आठवड्यात आत्तीकडे गेलो होतो. आता पंच्याहत्तरीला आलीय, डोंगर बंद, डोळे अजून तिखट. मोबाईलवर खरा फोटो शोधून तिला दाखवला. तिने मोबाईल लांब धरला, मग जवळ आणला.

"ही हमणच की रं. ह्यात काय नवीन?"

म्हटलं आत्ती, हमणच्या जवळची आहे पण वेगळी आहे, इशाळगडावर गावली, तिला शिवाजी महाराजांचं नाव दिलंय.

जरा वेळ बघत बसली. मग मोबाईल पदराने पुसून माझ्या हातात दिला.

"मग ही खायाची न्हाई म्हण की."