कॅननचा निवाडा मालकाकडे मागू नये

मायदेशातल्या माझ्या मित्रमंडळींत ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेवरून जो वाद रंगतो, तो बहुतेक वेळा एकाच मागणीपाशी येऊन थांबतो. मी इंग्लंडमध्ये राहते, मालिका इथली आहे, तेव्हा कॅनन काय, म्हणजे या कथाविश्वात नेमके काय खरे धरायचे, हे मी एकदाचे सांगून टाकावे. सध्याच्या वादाला कारण झाला आहे २०२० मधला एक भाग. १९६३ पासून ज्याला सगळे पहिला डॉक्टर, म्हणजे मालिकेच्या कालप्रवासी नायकाचा पहिला अवतार, मानत आले, त्याच्याही आधी या पात्राचे कित्येक अवतार होऊन गेले होते, असे त्या भागाने सांगितले, आणि मालिकेने स्वतःच्याच इतिहासाशी द्रोह केला अशी अनेकांची भावना झाली.

ती भावना मला समजते. पण तिचा आधार तपासला तर तो डळमळीत निघतो. देह पालटून नव्या नटाने त्याच भूमिकेत येण्याची कल्पना १९६६ मध्ये, विल्यम हार्टनेल यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले तेव्हा, प्रथम वापरली गेली आणि तेव्हा तिला कसलाही नियम नव्हता. १९७६ च्या आरंभी ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’ या कथेत डॉक्टरचे जुने चेहरे एकामागून एक पडद्यावर उमटले. त्यांत हार्टनेल यांच्याही मागे आठ अनोळखी चेहरे होते, आणि ते आधीचे डॉक्टरच असावेत असाच निर्माते फिलिप हिंचक्लिफ यांचा हेतू होता. त्याच वर्षाच्या शेवटी ‘द डेडली असॅसिन’ने टाइम लॉर्डला, म्हणजे डॉक्टरच्या जमातीतल्या कोणालाही, बाराच वेळा देह पालटता येतो, म्हणजे एकूण तेराच देह मिळतात, असा नियम घातला. दोन्ही गोष्टी खऱ्या धरल्या, तर तेव्हाचा चौथा डॉक्टर प्रत्यक्षात बारावा ठरतो आणि पाचव्यापाशी मालिकाच संपायला हवी होती. या दोन्ही कथांचा निर्माता एकच होता, पटकथा-संपादक रॉबर्ट होम्सही तेच होते. २०२० च्या भागाने ते आठ चेहरे पुन्हा दाखवले. त्याने जुना इतिहास मोडला असे म्हणण्यापेक्षा त्यातली एक बाजू घेतली असे म्हणणे अधिक न्याय्य आहे. (कथा म्हणून तो भाग मला फारसा आवडला नाही; पण तो प्रश्न निराळा.)

मालकाने यादी जाहीर करावी, या मागणीला तर माझा ठाम विरोध आहे. बीबीसीने अशी यादी आजवर कधी केलेली नाही. शिवाय याच संस्थेने साठच्या दशकातल्या असंख्य चित्रफिती पुसून टाकल्या, आणि त्यामुळे नव्वदच्या आसपास भागांचे चित्रण आजही हरवलेले आहे. त्यांचा आवाज मात्र पूर्ण उपलब्ध आहे, तो चाहत्यांनी घरच्या टीव्हीवरून स्वतः ध्वनिमुद्रण करून ठेवले म्हणून. ज्यांनी पुरावा सांभाळला त्यांनी निकालासाठी मालकाकडे का पाहावे? ‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत असा निकाल लागलेला आहे. एप्रिल २०१४ मध्ये लुकासफिल्मने आधीच्या बहुतेक कादंबऱ्या अधिकृत कथेबाहेर काढल्या, आणि दोनच वर्षांनी त्यांतल्याच थ्रॉन या पात्राला मालिकेतून परत आणले. पॉल कॉर्नेल यांची ‘ह्यूमन नेचर’ ही कादंबरी १९९५ मध्ये सातव्या डॉक्टरवर लिहिलेली होती. तीच कथा २००७ मध्ये पडद्यावर दहाव्या डॉक्टरच्या आयुष्यात घडली. पडद्यावरचे तेवढे खरे मानले, तर ज्या पुस्तकातून ते भाग उभे राहिले तेच खोटे ठरते.

इथल्या चाहत्यांची वृत्तीही मला सर्वस्वी पटत नाही. ज्यांनी लहानपणी शनिवारच्या संध्याकाळी घरच्यांबरोबर ही मालिका पाहिली, त्यांच्यापैकी माझ्या ओळखीचे पुष्कळजण विसंगती दाखवली की ‘मुलांचा कार्यक्रम होता’ म्हणून विषय संपवतात. मायदेशातले मित्र तसे करत नाहीत. एका वाक्यासाठी ते रात्र रात्र जागतात, आणि त्यांची ही निष्ठा मला मोलाची वाटते. अडचण आहे ती त्यांच्या वाटेची. त्यांच्यापैकी बहुतेकांनी मालिका २००५ च्या पुनरारंभापासून पाहिली, आणि जुनी कथा त्यांना सारांशांतून कळली. सारांशात १९६६ ची गरज, १९७६ चा नियम आणि २०२० चा खुलासा एकाच पातळीवर, जणू एकाच हाताने लिहिल्यासारखे येतात. कोणत्या कथेला कोणती अडचण सोडवायची होती, हे त्यातून गळून जाते.

पाठभेद कसे सांभाळायचे हे मराठी वाचकाला परके नाही. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत गणपतीने लेखनिक होण्याची कथा मूळ संहितेत नाही. पण ती फेकूनही दिलेली नाही, परिशिष्टात छापलेली आहे. या मालिकेच्या बाबतीत मला तेच हवे आहे. ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’मध्ये (१९७५) डॉक्टरची सहप्रवासी सारा आपण १९८० मधून आलो असे सांगते, आणि तिच्याच काळात, डॉक्टर ज्यात काम करी त्या लष्करी पथकाचा प्रमुख असलेला ब्रिगेडियर ‘मॉड्रिन अनडेड’मध्ये (१९८३) १९७७ सालीच निवृत्त होऊन शाळेत शिकवताना दिसतो. आपण त्या लष्करी पथकात सत्तरच्या दशकात होतो की ऐंशीच्या, हे २००८ च्या एका भागात खुद्द डॉक्टरलाही नीट आठवत नाही. तेव्हा मित्रांना माझे उत्तर असे आहे की १९७७ आणि १९८० ही दोन्ही साले नोंदीत ठेवा, प्रत्येकासमोर कथेचे नाव आणि प्रक्षेपणाचे वर्ष लिहा, आणि त्यानंतर खुशाल भांडा. त्या भांडणात मीही असेन.