के-टूवरून स्कीवर कोणी उतरलंच नाही? उतरलंय!

‘पाकिस्तानातल्या के-टू शिखराच्या माथ्यावरून स्कीवर खाली येणं आजवर कुणालाच जमलेलं नाही’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे. २००१ मध्ये इटलीचा गिर्यारोहक हान्स कामरलँडर याला थोडं उतरूनच थांबावं लागलं, हे खरं. पण २२ जुलै २०१८ रोजी पोलंडचा आंजेय बार्गिएल कृत्रिम ऑक्सिजनशिवाय ८,६११ मीटरवर पोचला, तिथेच त्याने पायांत स्की चढवल्या आणि त्या न काढता थेट बेस कॅम्प गाठला. वाटेत धुकं उतरलं, तेव्हा ते विरेपर्यंत तो थांबून राहिला. भाऊ खालून ड्रोन उडवून वाट हेरत होता. त्याच मोसमात, त्याच ड्रोनमुळे शेजारच्या ब्रॉड पीकवर हरवलेला एक गिर्यारोहकही सापडला! एवढी मेहनत पुसून टाकणारा मेसेज कृपया पुढे पाठवू नका.