मॅट मऊ असते म्हणे!

सोलापुरात गोल्फ खेळणारी मंडळी मोजकीच. खऱ्या कोर्सवर खेळायचं तर अडीचशे किलोमीटरवर पुणं गाठायचं, एरवी सराव घरच्या गच्चीवर. लोखंडी पाइपांना बांधलेलं नेट, पायाखाली हिरवी मॅट आणि मॅटखाली स्लॅब. या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे कुणी ना कुणी तो मला पाठवतं आणि खाली विचारतं, "खरंय का ओ हे?"

मेसेज थोडक्यात असा. मॅट गवतापेक्षा मऊ असते, म्हणून सांध्यांना सुरक्षित. तरीही दुखत असेल तर तुमचा स्विंग, म्हणजे फटका मारण्याची ढब, चुकतोय, कारण चांगल्या खेळाडूंना मॅटवर काही होत नाही. सुरुवातीचं दुखणं अंगाला सवय नसल्याचं असतं, रोज शंभर बॉल मारा, मोकळं होईल. फारच झालं तर कोपराला पट्टा बांधा, एक इंजेक्शन घ्या, पण सराव सोडू नका.

"मॅट मऊ असते." पायाला लागते मऊ, कबूल. पण क्लबचं, म्हणजे बॉल मारायच्या काठीचं, डोकं हौशी माणसाच्या हातातही ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगाने खाली येतं. त्या वेगापुढे मॅटचा पातळ थर क्षणात दबून संपतो आणि गाठ पडते ती स्लॅबशी. गवतावर क्लब जमिनीत घुसतो, मातीची ढलपी उडते आणि धक्क्याचा मोठा भाग ती माती फाडण्यात खर्ची पडतो. स्लॅब फाटत नाही की सरकत नाही. मग धक्का क्लबच्या दांड्यातून वर चढतो, मनगटात आणि कोपरात. त्यात आपलं ऊन. चाळिशीपार तापणाऱ्या गच्चीवर दोन-तीन उन्हाळे पडून राहिलेल्या मॅटचे धागे झोपलेले असतात आणि खालचं रबर कडक झालेलं असतं. तिला मऊ म्हणायला धाडस लागतं.

मेसेजच्या बाजूने एवढं मात्र म्हणता येईल की सोलापुरात मॅटला पर्याय म्हणून हिरवळ नसतेच. मे महिन्यातल्या भेगाळलेल्या काळ्या रानात आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याचा क्लब) मारून बघा, मॅट देवासारखी वाटेल. पण मेसेज तुलना करतोय ती गवताशी, आणि येरवड्याच्या पूना क्लब कोर्ससारख्या पाणी दिलेल्या गवताशी गच्चीवरच्या मॅटची बरोबरी होत नाही.

"दुखतंय म्हणजे स्विंग चुकतोय." सगळ्यात जास्त लोकांना पटलेला आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा मुद्दा हाच, कारण तो अर्धा खरा आहे. बॉलच्या आधी जमिनीवर आदळलेला फटका हाताला जास्त लागतो, यात वाद नाही. पण आयर्नचा उत्तम फटका कसा असतो? क्लब खाली येता येता आधी बॉलला लागतो आणि मग बॉलच्या पुढची जमीन खरवडतो. म्हणजे अचूक मारणाराही प्रत्येक आयर्नला मॅटवर आपटतोच. व्यावसायिक खेळाडू मोठ्या स्पर्धांच्या आधी सराव करतात तो बहुतेक गवतावर, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगितलेलंच नाही.

दुसरं, चूक लक्षात येऊ न देणं हा मॅटचाच गुण. गवतावर बॉलच्या दोन इंच मागे क्लब पडला तर तो मातीत रुततो, बॉल चार पावलं जाऊन पडतो आणि चूक तिथल्या तिथे कळते. मॅटवर तोच क्लब घसरून पुढे जातो आणि बॉल झकास उडतो. गच्चीवर तर समोर नेट, त्यामुळे बॉल किती गेला असता हेही कळत नाही. खेळणारा खूश, कोपर मात्र मार खातोय. म्हणून मी सांगतो, मॅटवर खडूची आडवी रेघ ओढा (घरी रांगोळी असेल तर तीही चालेल), बॉल रेघेवर ठेवा आणि फटक्यानंतर रेघेच्या कुठल्या बाजूचं पुसलं गेलं ते बघा. मागे घासलेलं दिसलं तर फटका जड बसतोय.

आणि तंत्र चांगलं असलं की दुखत नाही, हे तर आपल्याकडे कुणी बोलूच नये. 2004 साली सचिन तेंडुलकरला टेनिस एल्बो (कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं) झाला आणि 2005 मध्ये लंडनला जाऊन शस्त्रक्रिया करावी लागली. त्याचं तंत्र कच्चं होतं म्हणायचं का? कोपराच्या आतल्या बाजूचं जे दुखणं गोल्फवाल्यांच्या नावावर खपतं, ते घेऊन माझ्याकडे येतात ते बहुतेक गवंडी आणि फॅब्रिकेशनवाले. वर्षानुवर्षं सफाईने काम करणारी माणसं. त्यांना नडतो तो घट्ट पकडीने त्याच त्या हालचालीचा आणि धक्क्याचा हिशेब.

"रोज शंभर मारा, मोकळं होईल." बहुतेक वेळा दुखतो तो सांधा नसतोच, हाडाला चिकटणारा स्नायूबंध असतो. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात, स्नायूबंधाला महिने लागतात. सवय होते, पण ओझं हळूहळू वाढवलं तर. पार 72 च्या, म्हणजे 72 फटक्यांत संपावी अशी अपेक्षा असलेल्या, पूर्ण फेरीत 36 फटके पटिंगचे, म्हणजे बॉल हलकेच खळग्यात ढकलण्याचे, धरलेले असतात. म्हणजे हौशी खेळाडूचेही जोराचे फटके साधारण पन्नासच्या आसपास, तेही चार तास चालत चालत. गच्चीवर तुम्ही त्याच्या दुप्पट पाऊण तासात मारता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीस मारा, मध्ये थांबा, निम्मे टीवर (बॉल उंच धरणाऱ्या छोट्या खुंटीवर) ठेवून मारा. पकड सैल ठेवा. स्टीलऐवजी ग्राफाइटचा दांडा असेल तर कंप थोडा कमी पोचतो. मॅटखाली फोम घालणार असाल तर पायाखालीही तेवढाच घाला, नाहीतर बॉल पायांपेक्षा उंच होतो आणि खरोखरच स्विंग बिघडतो. (सोलापुरी चादरींच्या घड्या घालू का, असं एकांनी विचारलं होतं. घसरून पडाल.)

"पट्टा बांधा, इंजेक्शन घ्या आणि खेळा." पट्ट्याने आराम वाटतो, वापरायला हरकत नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचं मात्र उलटं आहे. 2006 साली ऑस्ट्रेलियात टेनिस एल्बोच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले पुढे होते, वर्षभराने व्यायाम-उपचारवाल्यांच्या मागे पडले आणि त्यांचं दुखणं पुन्हा उलटण्याचं प्रमाणही जास्त होतं. दुखणं दाबून त्याच स्लॅबवर आपटत राहिलात तर दुसरं काय होणार?

आणि एक दुखणं असं आहे ज्यात पट्टा बांधून खेळणं निव्वळ वेडेपणा. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या तळहातात, करंगळीच्या बाजूला मनगटाजवळ दाबल्यावर कळ येत असेल आणि पकड ढिली पडत असेल, तर तिथलं हॅमेट नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. क्लबच्या मुठीचं टोक नेमकं तिथे बसतं. साध्या एक्स-रेमध्ये हा मोड अनेकदा दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्यावर सराव सुरू करू नका, हाडांच्या डॉक्टरांना हातात क्लब कसा धरता ते दाखवा आणि सीटी स्कॅन लागेल का, असं विचारा.