मेणाच्या जहाजांचा उल्लेख हवा होता

अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांच्या प्रतिकृती म्हणजे ‘कंपन्यांच्या तिकीट कचेऱ्यांची शोभा’, हे जहाजांच्या प्रतिकृतींवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. काचेच्या पेटीतली प्रतिकृती जहाजानंतरची, जाहिरातीसाठीची. पण जहाजाच्या आधीही एक प्रतिकृती असायची, आणि तिच्यावर सगळं ठरायचं. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या टॉर्कीला लांबलचक हौद बांधून, पाण्याचा विरोध मोजण्यासाठी त्यात मेणाच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. त्याचा नियम साधा आहे: प्रतिकृती जहाजाच्या १/४९ असेल, तर ती १/७ वेगाने ओढायची, म्हणजे लाटा त्याच घडणीच्या उठतात. आकार बदलायचा तर मेण तासायचं, नाहीतर वितळवून पुन्हा ओतायचं. १९०७ च्या ‘मॉरिटेनिया’ या प्रवासी जहाजासाठी तर स्वान हंटर कंपनीने १/१६ मापाची, विजेवर चालणारी नौकाच बांधली होती. त्या जहाजाने अटलांटिक सर्वांत वेगाने ओलांडण्याचा मान १९२९ पर्यंत राखला, त्यात या चाचण्यांचा वाटा मोठा आहे.

मी खरगपूरला जहाजबांधणी शिकलो. तिथल्या हौदात एक फेरी झाली की पाणी पूर्ण शांत होईपर्यंत थांबावं लागायचं, नाहीतर जुन्या लाटा नव्या आकड्यांत मिसळतात. काचेतल्या प्रतिकृतीवरची पितळी रेलिंगं सुंदर असतात, मान्य. तरी पुढच्या लेखात स्कॉटलंडमधल्या डम्बार्टनच्या डेनी हौदाबद्दल, अशाच चाचण्यांच्या हौदाबद्दल, जरूर लिहा. १८८३ चा तो हौद आज संग्रहालय म्हणून खुला आहे.