मूलाकार आणि निरीक्षण : एका प्रतिक्रियेला उत्तर

सादर नमस्कार.

अ‍ॅनिमेशनपटांतील पात्रे घडवताना वर्तुळ, चौकोन आणि त्रिकोण या मूलाकारांचा आधार का घेतात, हे मी मागील लेखात मांडले होते. त्यावर आपण लिहिले आहे की, या सूत्रामुळे पात्रे एकसारखी दिसू लागली आहेत. आपले दुसरे म्हणणे असे की, ज्या वडोदऱ्यात राजा रविवर्मांची चित्रे आहेत, तेथे मुलांना प्रत्यक्ष पाहून रेखाटायला शिकवण्याऐवजी असे सूत्र हाती देणे गैर आहे. आणि तिसरे असे की, लठ्ठ, काळा किंवा टोकदार नाकाचा म्हणजे दुष्ट, हा समज त्यातूनच रुजला आहे. आपण अनेक वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आहे आणि आता नातवाला शिकवत आहात, त्यामुळे हे उत्तर सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

प्रथम रविवर्मांविषयी. लक्ष्मी विलास राजवाड्यातील त्यांच्या पौराणिक चित्रांत वस्त्राची चुणी न् चुणी आणि दागिन्यांवरचा प्रकाश इतका मन लावून रंगवलेला आहे की पाहणारा तेथेच खिळतो, आणि स्थिर चित्राकडून आपली अपेक्षाही तीच असते. पण त्या चित्रातील स्त्री चालू लागली तर काय होईल, याचा विचार करावा. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटी टिकवण्याची रूढ पद्धत धरली तरी सेकंदाला 12 चित्रे लागतात. पदराला दहा चुण्या असल्या तर एका सेकंदासाठी 120 चुण्या काढाव्या लागतील, आणि प्रत्येक चुणी मागच्या चित्रातल्या जागेपासून नेमकी हवी तेवढीच सरकलेली असावी लागेल, नाहीतर पदर थरथरताना दिसेल. शिवाय पूर्ण लांबीच्या चित्रपटात हे काम एका हाताचे नसते. मॉडेल शीटवर पात्र समोरून, बाजूने आणि पाठीमागून काढलेले असते, त्याची उंची किती डोक्यांएवढी हे ठरलेले असते, आणि त्यावरून अनेक चित्रकारांना तेच पात्र तसेच्या तसे काढावे लागते. मूलाकार ही या सर्वांची समान मोजपट्टी असते. त्रिमित संगणकीय चित्रपटात प्रत्येक चुणी हाताने काढावी लागत नाही हे खरे, तरीही पात्र काळ्या छायाकृतीत ओळखू यावे ही कसोटी तेथेही लावतात. वडोदऱ्यातच रावपुऱ्यात असलेल्या तांबेकर वाड्याची भित्तिचित्रे मला या कलेला अधिक जवळची वाटतात, कारण तेथे रेषा आणि अंगस्थिती यांवरच बरेचसे काम भागवलेले आहे.

मूलाकार आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांत आपण मानता तो विरोध मात्र मला मान्य नाही. ज्या डिस्ने स्टुडिओकडे या सूत्राचे मूळ म्हणून बोट दाखवले जाते, त्याच स्टुडिओने 1932 पासून कलाशिक्षक डॉन ग्रॅहम यांच्याकडून आपल्या चित्रकारांना मानवाकृती रेखाटनाचे वर्ग दिले. 1942 च्या ‘बॅम्बी’साठी स्टुडिओत हरणाची जिवंत पाडसे आणून ठेवली होती आणि चित्रकार रिको लेब्रन यांनी प्राण्यांची शरीररचना शिकवली. पडद्यावरील पाडसाचे डोके आणि डोळे खऱ्यापेक्षा मोठे आहेत, पण ते पाय कसे टाकते आणि कोठे अडखळते, हे हाडे व सांधे समजून घेतलेल्या हातांनीच काढलेले आहे. कोणते तपशील गाळायचे हे ठरवण्यासाठी आधी ते सगळे पाहिलेले असावे लागतात. पात्रे एकसारखी होतात ती हे पाहणे टाळल्यामुळे, म्हणजे निसर्गाऐवजी आधीच्या चित्रपटांतील पात्रांची नक्कल केल्यामुळे. 2009 च्या ‘अप’मधील वृद्ध कार्लचे डोके आणि चष्मा चौकोनी आहेत, पत्नीच्या आठवणींसह घराला चिकटून बसलेल्या माणसाचा हट्ट त्यातून दिसतो. तोच चौकोन उगाच दुसऱ्या म्हाताऱ्याला लावला, तर त्यातून काहीही व्यक्त होणार नाही.

आपला तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्यात मी पूर्णपणे आपल्या बाजूने आहे. सावळा वर्ण, सुटलेले पोट किंवा शरीरातील व्यंग यांना दुष्टपणाची खूण करणे अन्याय्य आहे, आणि लहान मुले ते न बोलता शिकतात, म्हणून ते अधिक घातक आहे. मात्र याचा दोष मी त्रिकोणाला देणार नाही. दुष्टपणा त्वचेच्या रंगात शोधणाऱ्या रचनाकाराने दुष्ट माणूस कधी नीट न्याहाळलेलाच नसतो. तो कसा उभा राहतो, समोरच्याचे बोलणे चालू असताना कोठे पाहतो, हसताना त्याचे डोळे हसतात की नाही, यावर पात्र उभे करता येते, आणि असे पात्र गोल, गोरे आणि देखणे असूनही अंगावर काटा आणू शकते.

नातवाला हे शिकवावे की नाही, असे आपण शेवटी विचारले आहे. माझे मत असे की, त्याला आधी मांडवीच्या बाजारात किंवा सयाजीबागेत नेऊन एकाच माणसाला निरनिराळ्या हालचालींत पटापट रेखाटायला सांगावे, आणि चेहऱ्याच्या बारकाव्यांत गुंतू देऊ नये. घरी परतल्यावर त्या रेखाटनांतील कमीत कमी किती रेषांत तो माणूस ओळखू येतो, हे त्याने स्वतः रेषा खोडत शोधावे. त्या उरलेल्या रेषांत वर्तुळ सापडले तर ते त्याने वापरावे. न सापडले तर बळेच बसवू नये. त्याची रेखाटने आपण पाठवलीत तर मी ती आवडीने पाहीन आणि प्रत्येकावर लिहीन.