कार्बनचे वय विचारावे, कोयत्याचे नाही

खनिज तेलापासून बनलेली प्रत्येक वस्तू घराबाहेर काढायची आणि यापुढे फक्त वनस्पतीजन्य वस्तूच वापरायच्या, असा निश्चय आपण केला असेल तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. हा मार्ग वाटतो तितका खडतर नाही. त्यासाठी योग्य तेवढेच प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी लागते, इतकेच.

योग्य प्रश्न एकच आहे : या वस्तूतला कार्बन किती जुना? जमिनीखाली कोट्यवधी वर्षे पडून राहिलेल्या तेलात कार्बन-१४, म्हणजे काळाबरोबर हळूहळू नाहीसा होणारा किरणोत्सारी कार्बन, शिल्लक राहिलेला नसतो आणि परवापरवापर्यंत शेतात उभ्या असलेल्या उसात तो असतो. त्यामुळे पिशवीचा तुकडा प्रयोगशाळेत दिला की त्यातला किती टक्के कार्बन पिकाचा आणि किती तेलविहिरीचा, याचा नेमका हिशेब मिळतो. आपल्या सदसद्विवेकबुद्धीने तेवढ्यावर समाधान मानावे. तो ऊस कोणी तोडला आणि तोडणारीचे वय तेव्हा काय होते, हे सांगणारी चाचणी अद्याप निघालेली नाही. अर्थात तो विज्ञानाचा विषय नव्हे आणि म्हणून आपलाही नव्हे.

पिशवी निवडताना तिच्यावर हिरवे पान छापलेले आहे ना, एवढे पाहावे. बाकी मजकूर वाचण्याच्या फंदात पडू नये. कारण वाचू लागलात तर असे लक्षात येईल की कंपोस्ट होणाऱ्या बहुतेक पिशव्यांमध्ये स्टार्चच्या जोडीला पीबॅट नावाचे जे बहुवारिक (पॉलिमर) असते, ते बहुतांशी खनिज तेलापासूनच तयार होते, म्हणजे पिशवी कुजते पण वनस्पतीची नसते. उलट ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून जे पॉलिथिन मोठ्या प्रमाणावर बनते ते अस्सल वनस्पतीचे असते, पण कुजण्याच्या बाबतीत ते नेहमीच्या पॉलिथिनइतकेच निगरगट्ट असते. हे दोन्ही गुण एकाच पानाच्या चित्रात मावतात, हा छपाईकलेचा विजय होय.

कुजण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पॉलिलॅक्टिक आम्लाचा, म्हणजे पीएलएचा, एक पारदर्शक पेला मी दिवाळीत गच्चीवरच्या कुंडीत पुरला होता. उसाच्या किंवा मक्याच्या साखरेपासून, दह्यात असते तेच आम्ल तयार करून हे प्लास्टिक बनवतात, हे ऐकून माझ्या आईला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटली होती. होळीला कुंडी उपसली तेव्हा पेला जसाच्या तसा निघाला. त्याच्यावरचे ‘मी निसर्गाकडे परत जातो’ हे वाक्यही स्पष्ट वाचता येत होते. दोष पेल्याचा नाही. त्याला सुमारे साठ अंशांचे तापमान टिकवून धरणारा कंपोस्ट प्रकल्प लागतो आणि माझी कुंडी त्या योग्यतेची नाही. असे पेले आपण सुक्या कचऱ्यात टाकून मोकळे व्हावे. कचरावेचक बाई नेहमीच्या बाटल्यांबरोबर ते गोळा करील, भंगारवाला ते बाजूला काढील, कारण त्यांना भाव नाही आणि ते बाटल्यांच्या मालात मिसळले तर माल बिघडतो. तिचे वजन तेवढे कमी भरेल. पर्यावरणासाठी प्रत्येकाने काही ना काही सोसायचे असतेच, फक्त पाळी कोणाची हे ठरलेले असावे.

आता उसाकडे वळू, कारण आपल्याकडे वनस्पतीजन्य रसायनांचा रस्ता शेवटी साखर कारखान्याच्या फाटकातूनच जातो. या क्षेत्रात बोलताना ‘बायोमास’ हा शब्द वापरावा. ‘मोळी’ हा शब्द टाळावा, कारण मोळी म्हटली की ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई डोळ्यांपुढे येते. ‘कोयता’ हा शब्द मात्र हिशेबाला फार सोयीचा आहे. नवरा-बायको दोघे मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल एका कोयत्याची घेतली जाते आणि ती फेडण्यासाठी बीडसारख्या जिल्ह्यांतून निघालेली दोन माणसे दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत पहाटेपासून फडात असतात. दोन माणसांचे एक अवजार करणारी ही पद्धत कोणत्याही व्यवस्थापन संस्थेने अभ्यासावी अशी आहे. एखाद्या दिवशी कामावर आले नाही तर खाडा पडतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच आणि वर दंडही भरावा लागतो. मासिक पाळीला या हिशेबात जागा नाही. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. हा आकडा आपल्या हरित सादरीकरणात घेऊ नये. त्याने स्लाइडचा रंग बिघडतो.

ऊस कशावर वाढतो, हेही खोदून विचारू नये. तो पाणी भरपूर पितो आणि युरिया भरपूर खातो. युरिया बनतो तो नैसर्गिक वायूपासून. म्हणजे खनिज इंधन मागच्या दाराने फडात शिरते, उसातून वर चढते आणि पुढच्या दाराने वनस्पती म्हणून बाहेर पडते. कार्बन-१४ ची चाचणी याबाबत काहीही बोलत नाही, हा तिचा आणखी एक गुण. (तेल सोडायलाच हवे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, म्हणूनच तर हा एवढा खटाटोप.)

कोणी इतिहासाचा दाखला देऊ लागला तर त्याला निळीची गोष्ट सांगू देऊ नका. तो सांगेल की चंपारणच्या कुळांना बिघ्यातल्या वीसपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावावी लागे. १८९७ मध्ये जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली, नैसर्गिक निळीचा भाव कोसळला आणि कुळे सुटतील असे वाटत असताना मळेवाल्यांनी निळीतून मोकळे करण्याची किंमत म्हणून त्यांच्याकडूनच वाढीव खंड, म्हणजे जमिनीचे भाडे, वसूल केला. १९१७ मध्ये गांधीजींना तिथे जावे लागले ते यासाठीच. वनस्पती होती तेव्हाही कुळाने भरले, वनस्पती गेली तेव्हाही कुळानेच भरले, असा काहीतरी तिरकस निष्कर्ष तो काढील. अशा माणसाला नैसर्गिक निळीने रंगवलेला एखादा महागडा सदरा भेट द्यावा, म्हणजे तो गप्प बसेल.

आपण उद्योजक असाल तर आणखी एक सूचना : कारखान्याशेजारी इथेनॉलची आसवनी (डिस्टिलरी) उभारण्यासाठी कर्ज काढताना दैनंदिनीत फार पुढच्या तारखा लिहू नका. केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली आणि १५ डिसेंबरला १७ लाख टन साखर इथेनॉलकडे वळवण्याच्या मर्यादेत ती सैल केली. मधल्या आठ दिवसांचे व्याज अर्थातच सेंद्रिय असते.

राहता राहिली शेवटची सूचना. हिवाळ्यात कोल्हापूरकडे जाताना कारखान्याच्या आसपास ऊसतोड टोळीच्या कोप्या दिसतील. बांबूच्या कमानीवर प्लास्टिकचा काळा कागद ओढलेला असतो आणि आत तीन दगडांची चूल असते. गाडी जरूर थांबवा. तिथे एखादी बाई मुलाला मांडीवर घेऊन भाकरी थापत असेल, तर तिला अदबीने सांगा, की ताई, तुमच्या छपरावरचा हा कागद खनिज तेलाचा आहे आणि आम्ही तर तो केव्हाच सोडला.